मीटर एवढे उंच का लावलेत?

आमच्या घराण्याला भाडं द्यायची सवय होती, घ्यायची नव्हती. आजोबा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात महिना अठरा रुपये भरत. त्याचे एकवीस झाले तेव्हा घरात आठवडाभर सुतकी वातावरण होतं, असं आत्या अजून सांगते. बाबांनी निवृत्तीच्या जरा आधी मांजलपूरला एक टेनामेंट, म्हणजे छोटं स्वतंत्र घर, घेतलं आणि "घर राहायला असतं" हा आमच्याकडचा शेवटचा शब्द झाला. २०२४ च्या उन्हाळ्यात मी म्हटलं, बारा लाख साठलेत, वर थोडं कर्ज काढते, एक जुना फ्लॅट घेते आणि भाड्यानं देते. आईनं पहिलाच प्रश्न टाकला, "आणि भाडेकरू उठलाच नाही तर?" तिला अनुभव होता. आमचंच कुटुंब त्या वाड्यातून चाळीस वर्षं उठलं नव्हतं.

रविवारी सकाळी कमाटीबागेत फिरून झालं, की आम्ही चार-पाच जण सेव-उसळीच्या गाडीवर जमतो. त्या दिवसांत तिथं दुसरा विषयच नव्हता, कारण सगळ्यांच्याच हातात थोडे पैसे होते आणि अनुभव कुणाच्याच नव्हता. अपवाद एक, आमच्या शेजारचे काका. बँकेत कर्जविभागात उभी नोकरी झालेली, त्यामुळे ते सल्ला कमी देत आणि हसत जास्त.

ऑफिसमधला माझा मित्र रात्री जागून अमेरिकन व्हिडिओ बघायचा. त्याचा ठेका असा, की महिन्याचं भाडं किमतीच्या एक टक्का आलं पाहिजे, नाहीतर हात लावायचा नाही. काकांनी पावाचा तुकडा तर्रीत बुडवत विचारलं, "म्हणजे पंचवीस लाखांच्या फ्लॅटला पंचवीस हजार? अरे, तेवढ्यात राजवाड्यातली खोली माग." मग मात्र त्यांनी नीट समजावलं. तिकडं तीस वर्षांचं कर्ज ठरलेल्या एकाच व्याजदरानं मिळतं, हप्ता पहिल्या दिवशी ठरला तो ठरला, आणि भाडं वाढत राहतं. आपल्याकडं ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या दराची घरकर्जं रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली आहेत, तो हलला की आपलं व्याज हलतं. शिवाय इथं घराच्या किमतीच्या मानानं भाडं फार कमी. नियम खोटा नव्हे, पण तो त्यांच्या गावचा. मित्राला हे पटलं नाही. तो आजही त्या एक टक्क्याच्या शोधात आहे आणि त्यानं अजून काहीही घेतलेलं नाही. तसं पाहिलं तर त्याचं काही नुकसानही झालेलं नाही.

मावसभावाचं मत उलट टोकाचं. "ताई, बांधकाम म्हातारं होतं. जमीन होत नाही." त्याच्याच नादानं मी पहिला प्लॉट बघायला गेले.

सावली रोडवर, शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. वीकेंड प्लॉट म्हणायचे त्याला. दारात मोठी कमान, आत नुकतीच रोवलेली खजुराची झाडं काठ्यांना बांधून ठेवलेली, आणि क्लब हाऊस होणार तिथं क्लब हाऊसचा फलक. दलालानं गाडीतून नेलं, वाटेत मसाला छास पाजली. "बेन, बधुं क्लिअर छे. एन.ए. नी फाईल मुकी दीधी छे." एन.ए.ची, म्हणजे बिनशेती परवानगीची, फाईल ठेवली आणि हुकूम आला यांत किती पावसाळे जाऊ शकतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बारा बाय शंभर फुटांचा तो पट्टा माझ्या डोक्यात केव्हाच हिरवा झाला होता. एक लाखाचं बानं, म्हणजे इसार, द्यायचं ठरलं.

काकांनी एवढंच सांगितलं, की सर्व्हे नंबर माग. दलालानं तो द्यायला चार दिवस लावले, तिथंच खरं तर उमजायला हवं होतं. नंबर मिळाल्यावर राज्य सरकारच्या एनीआरओआर या संकेतस्थळावरून सात-बारा काढला. फुकट निघतो, दोन मिनिटांत निघतो. उताऱ्यावर पाच जणांची नावं, सगळे त्या गावचेच शेतकरी, आणि सत्ताप्रकारासमोर लिहिलेलं, 'नवी शरत'.

उतारा घेऊन मी रावपुऱ्यात वकीलकाकांकडं गेले. ते बाबांच्या शाळेतले. मला अजूनही 'पोरी'च म्हणतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "नव्या शरतीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि सरकारचा प्रीमियम भरल्याशिवाय विकता येत नाही. ही अजून शेतजमीन आहे, आणि गुजरातेत शेतजमीन घ्यायला आधी खेडूत, म्हणजे खातेदार शेतकरी, असावं लागतं. तू आहेस का खेडूत?"

"नाही."

"मग ते तुला नक्की काय विकतायत?"

मी अलॉटमेंट लेटरचा नमुना पुढं केला. दस्त एन.ए. झाल्यावर करू, तोवर हे नोटरी करून देऊ, असं दलाल म्हणाला होता. वकीलकाकांनी कागद उजेडाकडं धरला आणि परत दिला. "नोटरीचा शिक्का चांगला गोल असतो गं. पण त्यानं मालक बदलत नाही." आणखी एक त्यांनीच विचारलं: रेरा या गृहप्रकल्प नियामकाचा नोंदणी नंबर आहे का? जमीन पाचशे चौरस मीटरच्या वर असेल आणि प्लॉट आठाहून जास्त, तर नोंदणीशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. इथं चौसष्ट प्लॉट होते आणि कमानीवर नंबर सोडून बाकी सगळं होतं. दलालाला फोन केला तर म्हणाला, "आवी जशे, बेन."

मी मागं फिरले. मावसभावानं मात्र माझ्याआधीच दोन प्लॉटांचं बानं देऊन टाकलं होतं. ते अजून अडकलेलं आहे. उसळ खाताना तो विषय आम्ही काढत नाही.

मधे भायलीकडचे नवे टॉवरही पाहिले. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. सांगितलेलं क्षेत्र साडेअकराशे चौरस फूट, रेराच्या कागदावरचं कार्पेट सहाशे चाळीस. मधले पाचशे फूट कुठं गेले याचं उत्तर देताना सेल्सवाल्या मुलीला माझ्याहून जास्त संकोच वाटत होता. बुकिंगला पंचवीस टक्के मागत होते. नोंदवलेल्या बानाखताशिवाय, म्हणजे विक्रीच्या कराराशिवाय, बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे मी काकांच्या जोरावर म्हटलं, तर आतून एक मोठे साहेब आले आणि म्हणाले, "बेन, एवढं कायद्यानं चालायचं तर साठ-चाळीस कसं जमणार?" म्हणजे साठ दस्तात, चाळीस रोख. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, ही त्यांची काळजी. माझी काळजी वेगळी होती. बँक कर्ज देणार दस्तातल्या आकड्यावर, आणि उद्या मी विकायला काढला तर नफा मोजणार तोही त्याच आकड्यावरून. चाळीस टक्के माझ्याच खिशातून जाऊन माझ्याच हिशेबातून नाहीसे झाले असते. चहा पिऊन उठले.

आता समा भागातला फ्लॅट. हा सौदा मी सगळ्यात जास्त अभ्यास करून ठरवला होता, आणि त्यातच माझी अक्कल उघडी पडली.

तळमजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, अठरा लाख. त्या भागात त्या भावात मिळणं म्हणजे लॉटरीच. मालक बोलायला गोड, घर आतून ताजं रंगवलेलं, फिकट पिस्ता. माझ्या हातात काकांनी दिलेली यादी होती. बी.यू., म्हणजे इमारत वापरायची परवानगी आहे का, रजाचिठ्ठीच्या, म्हणजे बांधकाम परवान्याच्या, नकाशाप्रमाणे बांधकाम आहे का, वेरा, म्हणजे घरपट्टी, भरलेला आहे का, सोसायटीचं देणं, वरून गळती, पाण्याची वेळ. एकेक विचारत गेले, तो एकेक कागद दाखवत गेला. सगळे कागद खरे होते, हे मला आजही मान्य आहे. निघताना जिन्याकडं नजर गेली. विजेचे मीटर पहिल्या वळणावर, माझ्या डोक्याच्याही वर ओळीनं लावलेले होते, आणि खाली भिंतीत जुन्या बोर्डाची बुजवलेली खाच होती. मला वाटलं, लहान मुलांचा हात पोचू नये म्हणून केलं असेल. कौतुकही वाटलं. यादीत मीटरचा प्रश्न नव्हता, म्हणून विचारलं नाही.

बानं आठमनंतर द्यायचं ठरलं. गोकुळाष्टमी होती २६ ऑगस्टला. त्याच दिवशी पावसानं जे धरलं ते सोडेना. आजव्याच्या धरणाकडून पाणी आलं, विश्वामित्री नदी पस्तीस फुटांच्याही वर गेली, आणि बघता बघता अर्धं शहर पाण्यात उभं राहिलं. आम्ही मांजलपूरला बरे होतो, फक्त दीड दिवस वीज नव्हती. समातले, कारेलीबागेतले नातेवाईक गच्चीवर होते. फोनवर व्हिडिओ येत होते, रस्त्यावरून पोहत जाणाऱ्या मगरींचे. बाहेरगावच्या लोकांना त्याची मौज वाटली. आमच्याकडं ज्याच्या अंगणात ती आली, त्यानं दोन दिवस दार उघडलं नाही.

पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी समाला गेले. फ्लॅट उघडाच होता, कुणीतरी खराट्यानं गाळ बाहेर लोटत होतं. भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर सरळ तपकिरी रेघ. तिच्या खालचा पिस्ता रंग फुगून पापुद्र्यासारखा सुटत होता, आणि तो सुटला तिथं खाली आणखी एक रेघ दिसत होती. जुनी, जरा खालच्या उंचीवर. वॉचमननं विचारण्याची वाट पाहिली नाही. हात कमरेशी आडवा धरून म्हणाला, "ओगणीस मां आटलुं." मग हात छातीला नेला. "आ वखते आटलुं." २०१९ चा जुलै मला आठवत होता. एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पडला होता. मीटरचा बोर्ड वर कधी नेला, हे मग मी त्याला विचारलं. एकोणीसच्या पुरानंतरच.

मालकाला फोन केला. तो अजिबात ओशाळला नाही. "बेन, आवुं तो सो वरसे एक वार थाय." रविवारी हे सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "चांगलंय. पाच वर्षांत दोनदा शंभर वर्षं झाली."

त्या दिवसापासून मी यादी घरी ठेवायला लागले. वाईट नव्हती ती, पण हातात यादी असली की माणूस यादीकडं बघतो, भिंतीकडं बघत नाही. पुढं कुठंही गेले, की आधी घरात जायचंच नाही असं ठरवलं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडं थांबायचं. कोणता फ्लॅट किती महिने रिकामा आहे, कोण भाडेकरू सहा महिन्यांत पळाला, कोणाचे कपडे यायचे एकाएकी बंद झाले, हे त्याच्याइतकं सोसायटीच्या सेक्रेटरीलाही माहीत नसतं. मग किराणावाल्याला विचारायचं, पाऊस पडल्यावर दूध कुठून आणता. एकदा रात्री आठ वाजता जायचं, स्कूटर लावायला जागा मिळते का ते बघायला. आणि जे काही चमत्कारिक दिसेल ते का आहे म्हणून विचारायचं, मग ते कितीही बावळट वाटो. एका सोसायटीत गच्चीच्या दाराला दोन कुलपं होती. विचारलं, तर कळलं की गच्चीवरून दोन गटांत कोर्टकज्जा चालू आहे.

मित्रानं याच काळात मांडवीजवळ एक दुकानाचा गाळा बघितला होता. जुन्या शहरातल्या बऱ्याच भागाला १९९१ चा अशांत धारा हा कायदा लागतो, तिथं कलेक्टरची आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय मिळकत हस्तांतरित होत नाही. घेणारा-विकणारा कोणीही असो, अर्ज करायचाच. त्याला वाटलं होतं बानाखत झालं की महिन्यात दस्त. अर्ज, जबाब, शेजाऱ्यांची विचारणा, यात विकणाऱ्याचाच धीर सुटला.

दिवाळीनंतर मांजलपूरमध्येच एक फ्लॅट निघाला. बावीस वर्षांची जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, पाच मिनिटांवर मकरपुरा जी.आय.डी.सी.च्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या, बसेस थांबतात. इस्त्रीवाला म्हणाला, "इथं घर रिकामं राहत नाही, पण नवरा-बायको दोघं नोकरीवाले आणा, घरात म्हातारी माणसं असली तर जिन्यावरून कटकट करतात." मीटर गुडघ्याएवढ्या उंचीवर, गंजलेल्या डब्यात होते. गंज बघून मला एवढा आनंद आजवर झाला नव्हता.

घर मराठी कुटुंबाचं. वडील तीन वर्षांपूर्वी गेले, आई त्याआधीच. दोन भाऊ विकत होते. सव्वीस म्हणाले, साडेचोवीसवर आले. वकीलकाकांनी सब-रजिस्ट्रारकडं तीस वर्षांचा शोध घेतला, इंडेक्स काढले, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, आणि पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, मागितला. पेढीनाम्यात तिसरं नाव निघालं. नाशिकला दिलेली बहीण.

भाऊ म्हणाले, "ती काही मागत नाही. तिचं लग्नात सगळं झालं."

"मागत नाही, हे तिनं कागदावर सांगावं," वकीलकाका म्हणाले. "हक्क कमीचा, म्हणजे हक्कसोडीचा, दस्त करू द्या, नाहीतर विकणारी म्हणून सही करू द्या." नंतर मला म्हणाले, लोकांना वाटतं मुलीचा हक्क २००५ मध्ये आला. तो वडिलोपार्जित सामायिक मिळकतीतला. बापानं स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलगी १९५६ च्या कायद्यापासून मुलाच्या बरोबरीची वारस आहे. तिच्या सहीशिवाय घेतलंस तर दोन-तृतीयांश घर घेतलंस, आणि उरलेल्या तृतीयांशात नेमकं स्वयंपाकघर येईल.

दीड महिना गेला त्यात. दलाल रोज फोन करायचा, दुसरी पार्टी तयार आहे म्हणून. दुसरी पार्टी नेहमीच तयार असते, तिला मात्र कुणी कधी पाहिलेलं नसतं. मी गप्प बसले. डिसेंबरात बहीण आली, पन्नाशीची, शांत बाई. वकीलकाकांच्या टेबलासमोर तिनं दोन्ही मसुदे वाचले, वेळ घेऊन. मग म्हणाली, "मी विकणारी म्हणून सही करते. माझा चेक वेगळा काढा." धाकट्या भावाच्या हातातला कप तसाच राहिला. थोरला खिडकीबाहेर बघत होता. मला तिथं बसवेना आणि उठवेना. मी माझ्या भीतीपोटी तिची सही मागितली होती, तिच्या हक्कासाठी नव्हे, हे मला पक्कं माहीत होतं. पण तीन चेक निघाले.

ती एकदा घर बघून जाते म्हणाली. मी आणि नवरा बरोबर गेलो. सगळ्या खोल्या तिनं उंबऱ्यातूनच बघितल्या. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली मात्र वाकली आणि विचारलं, "हा पाटा-वरवंटा तुम्हाला हवाय का?" भावांना तो नेववला नव्हता, म्हणून राहिला होता. दोन मजले, लिफ्ट नाही. नवऱ्यानं पाटा खांद्यावर घेतला, वरवंटा मी, आणि प्रत्येक वळणावर थांबत आम्ही रिक्षापर्यंत पोचलो. एवढ्या जड कामाची दलाली मात्र कुणी घेतली नाही.

दस्त उत्तरायणानंतर केला. कमुरतात, म्हणजे उत्तरायणाआधीच्या अशुभ महिन्यात, कोणी सही करत नाही, आणि एवढं थांबल्यावर आणखी महिनाभर काही जड नव्हतं. गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, नोंदणी फी १ टक्का. घेणारी फक्त बाई असेल तर ती एक टक्का फी माफ. नवरा दोन दिवस "जॉइंट नाव बरं असतं" असं गुणगुणत होता. त्याच्या नावाची किंमत साडेचोवीस हजार पडते असं दाखवल्यावर तो साक्षीदार व्हायला तयार झाला. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत फोटो, अंगठे, "पैसे मिळाले का" हा प्रश्न तिघांनाही वेगवेगळा विचारला, आणि अर्ध्या तासात संपलं. सोसायटीचं चौदा हजार देणं निघालं होतं, ते 'नो ड्यू' पत्र घेताना भावांच्या हिश्श्यातून वळतं करून घेतलं. नंतर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात वेरा बिलावरचं नाव, एम.जी.व्ही.सी.एल. या वीजकंपनीचं मीटर, गॅस. प्रत्येक ठिकाणी इंडेक्स-२ ची प्रत लागते. दहा काढल्या होत्या, नऊ संपल्या.

आता हिशेब, कारण उसळीच्या गाडीवर सगळे तोच विचारतात आणि मीही आधी चुकीचाच सांगत होते.

भाडं साडेनऊ हजार. बाराने गुणून साडेचोवीस लाखांवर टाकलं तर साडेचार टक्क्यांच्या वर येतं. मुदत ठेवीपेक्षा कमी, पण घराची किंमत वाढेल, म्हणून ठीक, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मग एका रात्री वहीत सगळं लिहिलं. किंमत २४,५०,०००. मुद्रांक १,२०,०५०. दलाली एक टक्का, २४,५००. वकीलकाका नको नको म्हणत ८,०००. सोसायटीची ट्रान्सफर फी २५,०००. रंग, नळ, बाथरूमची एक भिंत, ७०,०००. झाले २६,९७,५५०. म्हणजे फ्लॅट साडेचोवीसचा नव्हे, सत्तावीसचा. भाडं धरलं अकरा महिन्यांचं, कारण फेब्रुवारी रंगकामात गेला: १,०४,५००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स १०,८००, वेरा साधारण ३,०००, किरकोळ दुरुस्तीला ८,००० बाजूला. हातात ८२,७००. सत्तावीस लाखांवर तीन टक्क्यांच्या जरासं वर.

कर्ज पंधरा लाखांचं, साडेआठ टक्क्यांनी, पंधरा वर्षं. इमारत जुनी म्हणून बँकेनं वीस दिली नाहीत. हप्ता १४,७७१. भाडं येऊनही महिन्याला सहा हजारांच्या आसपास माझ्या पगारातून जातात. ज्याला हे सहा हजार जड जातील त्यानं या वाटेला जाऊ नये, असं मी आता स्पष्ट सांगते. 'भाड्यातून हप्ता निघतो' हे वाक्य ज्यांनी ज्यांनी मला ऐकवलं, त्यांपैकी एकालाही मी वही दाखवायला लावू शकले नाही. करात भाड्यावर तीस टक्के सरसकट वजावट मिळते, व्याजही वजा होतं. मात्र नव्या करपद्धतीत भाड्याहून जास्तीचं व्याज पगारातून वजा करता येत नाही, आणि मी नव्या पद्धतीत आहे. हे मला रिटर्न भरताना कळलं. आधी कळायला हवं होतं, पण तेव्हा मी खजुराची झाडं बघत होते.

एक गोष्ट माझ्या बाजूनं झाली, तीही न मागता. २०२५ च्या फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो साडेसहावरून साडेपाचवर आणला. बँकेनं विचारलं, हप्ता कमी करू की मुदत? काका म्हणाले, हप्त्याची सवय झालीय ना, मग मुदत कमी कर. तसं केलं.

भाडेकरू मार्चपासून आहेत. दोघंही नोकरीवाले, तो मकरपुऱ्यात क्वालिटी विभागात, ती शाळेत. इस्त्रीवाल्यानंच आणले. अकरा महिन्यांचा करार केला, पोलिसांकडं भाडेकरूची माहिती नोंदवली. आई अजून विचारते, उठतील ना? मी म्हणते, उठू नयेत अशीच प्रार्थना कर, प्रत्येक उठण्याला एक महिना आणि एक रंग लागतो.

जुलैत सोसायटीची सभा झाली. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, प्रत्येक फ्लॅटला अठरा हजार. तिसऱ्या मजल्यावरचे काका तावातावानं बोलत होते, कारण गळत त्यांच्याच घरात होतं. पहिल्या मजल्यावरचे गप्प होते. मी मधल्या मजल्यावरची आणि तिथं न राहणारी, त्यामुळे दोन्ही बाजू माझ्याकडं बघत होत्या. हो म्हटलं. घरी येऊन वही उघडली. तीनचे दोन पूर्णांक चार टक्के झाले. रविवारी काकांना आकडा सांगितला तर ते हसले आणि त्यांनी माझ्या उसळीत शेव वाढायला सांगितली.

मित्र म्हणाला, वासणा रोडला एक फ्लॅट बघायचाय, येतेस का? गेलो. तो आत जाऊन कार्पेट मोजत होता. मी बाहेर किराणावाल्याकडं उभी होते. त्याच्या दुकानात तांदळाच्या गोण्या जमिनीवर नव्हत्या, विटांच्या चार थरांवर फळी टाकून त्यावर रचल्या होत्या. मी विचारलं, "भाई, एवढ्या उंच का?"